नलिनी मलानी आणि माझी बंद पडलेली हार्ड डिस्क

गेल्या महिन्यात माझी चार टीबीची हार्ड डिस्क गेली. गेली म्हणजे, आधी दोन दिवस टकटक आवाज करत होती, मला वाटलं पंखा वाजतोय, आणि तिसऱ्या दिवशी कॉम्प्युटरने तिला ओळख द्यायचंच बंद केलं. आत काय काय होतं त्याची यादी लिहीत नाही, परत रडू येईल. आठ वर्षांचं एडिटिंगचं काम होतं एवढंच सांगते. लग्नं, कंपन्यांच्या फिल्म, दोन स्वतःच्या शॉर्ट फिल्म, आणि आजी गेली त्याच्या आदल्या दिवाळीत तिला नुसतं बोलतं ठेवून शूट केलेलं दीड तासाचं फुटेज. बॅकअप होता का ते कृपया विचारू नका. अख्ख्या गावाला बॅकअप घ्या म्हणून सांगत फिरणारी मीच.

रिकव्हरीवाल्याकडे डिस्क दिली तर तो म्हणाला पंधरा-वीस दिवस लागतील, येईल ते येईल. आता इतके दिवस करायचं काय, तर मी बरीच वर्षं मनात असलेलं एक काम काढलं, नलिनी मलानी या मुंबईच्या चित्रकार आणि व्हिडिओ आर्टिस्टबद्दल जे मिळेल ते वाचायचं आणि जे बघायला मिळेल ते बघायचं. त्यांच्या अगदी सुरुवातीच्या फिल्म्स कित्येक दशकं कुणी बघितल्याच नव्हत्या हे मला अर्धवट आठवत होतं, आणि त्या क्षणी मला डब्यात पडून राहिलेल्या आणि तरी परत आलेल्या फिल्मची गोष्ट हवीच होती.

त्यांचं काम मी पहिल्यांदा बघितलं २०१४ ला. दिल्लीत एक लग्न शूट करायला गेले होते, मधे एक दिवस रिकामा होता, साकेतला मॉलला लागूनच किरण नादर म्युझियम आहे, तिथे एसी आहे आणि तिकीट नाही, एवढ्या दोन उदात्त कारणांसाठी मी आत शिरले. त्या वर्षी तिथे मलानींचं १९६९ पासूनचं काम टप्प्याटप्प्याने लावलेलं होतं. एका अंधाऱ्या खोलीत गेले तर वरून पारदर्शक प्लास्टिकचे मोठे मोठे गोल नळकांडे टांगलेले, ते सावकाश फिरतायत, त्यांच्यावर आतल्या बाजूने माणसं, प्राणी, हातपाय, काय काय रंगवलेलं, आणि त्यांच्यातून प्रोजेक्टरचा झोत जातोय. म्हणजे भिंतीवर व्हिडिओ पण पडतोय आणि त्या रंगवलेल्या आकृत्यांच्या सावल्या पण त्याच व्हिडिओवरून सरकतायत. मी सवयीने आधी केबल कुठून नेल्यात ते बघितलं, मग प्रोजेक्टर मोजले, आणि मग खाली बसले ते जवळजवळ तासभर.

एडिटरला अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की व्हिडिओचा लूप ठरलेला असतो पण ते नळकांडं काही टाइमलाइनवर बसवलेलं नसतं, ते मोटरवर आपल्या चालीने फिरतंय. त्यामुळे कुठल्या चेहऱ्यावर कुठली सावली कधी येईल हे एकदा बघून सांगता येत नाही. मी तीन वेळा तोच तुकडा यायची वाट बघितली आणि तिन्ही वेळा फ्रेम वेगळी. आम्ही इकडे एका कटसाठी दोन फ्रेम पुढे का मागे यावर क्लायंटशी भांडतो, आणि या बाईंनी कटच हातातून सोडून दिलाय.

त्या नळकांड्यांवरचं चित्र उलटं काढतात, हेही मला तेव्हा माहीत नव्हतं. काचेवर मागच्या बाजूने रंगवायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे, तंजावरकडे वगैरे देवादिकांची तशी चित्रं असायची. मलानींनी हे तंत्र चित्रकार भूपेन खख्खरांकडून उचललं, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, आणि नंतर काचेऐवजी मायलारचं पारदर्शक शीट घेतलं. साध्या चित्रात आपण आधी चेहरा रंगवतो, मग डोळे, मग बुबुळ, शेवटी बुबुळातला तो पांढरा ठिपका. इथे सगळं उलट. ठिपका आधी, मग बुबुळ, मग डोळा, आणि चेहऱ्याचा रंग सगळ्यात शेवटी, कारण बघणारा पलीकडून बघणार. म्हणजे जी रेघ पहिली मारली तीच सगळ्यात वर दिसत राहते, नंतर कितीही रंग थापले तरी ती झाकली जात नाही. मी घरी आल्यावर फाइलच्या जुन्या प्लास्टिक कव्हरवर करून बघितलं होतं, एक नाक काढलं, ते आयुष्यभर तसंच राहिलं.

बरं, आता मुळापासून. मलानींचा जन्म १९४६ चा, कराचीचा. फाळणीनंतर घरचे आधी कलकत्त्याला आणि मग मुंबईला आले. वडील एअर इंडियात असल्यामुळे शाळेच्या वयातच जपान आणि पॅरिस बघून झालेलं. मग जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, १९६९ ला डिप्लोमा. पण जेजेपेक्षाही मला त्यांच्या भुलाभाई इन्स्टिट्यूटमधल्या स्टुडिओचा जास्त हेवा वाटतो. वॉर्डन रोडला, ज्याला आता भुलाभाई देसाई रोडच म्हणतात, तिथे एका जुन्या घरात चित्रकार, नट, गवय्ये, नाचणारे सगळे एकत्र काम करायचे, गच्चीवर अल्काझींचं नाटक, एका खोलीत चित्रकार गायतोंडे, एका खोलीत रविशंकरांची सतारीची शाळा. कॉलेजात असतानाच, १९६४ ते ६७, मलानींना तिथे जागा मिळाली होती. विशीच्या आत. आमच्या विशीत आम्हाला कॅन्टीनमधला पंख्याखालचा टेबल मिळाला तरी भरून पावायचं.

आणि मग १९६९. चित्रकार अकबर पदमसींना नेहरू फेलोशिप मिळाली. दुसऱ्या कुणी ते पैसे घेऊन निवांत चित्रं काढली असती. यांनी एक वर्कशॉप काढलं, व्हिजन एक्सचेंज वर्कशॉप. चित्रकार, फिल्मवाले, एक मानसोपचारतज्ज्ञ पण होते म्हणे, सगळ्यांनी एका जागी यायचं, कॅमेरे, डार्करूम, एडिटिंगचं सामान तिथे ठेवलेलं, आणि एकमेकांच्या कामात नाक खुपसायचं. मणी कौल, कुमार शहानी हे फिल्मवाले तिथे यायचे, चित्रकार नसरीन मोहमदी होत्या. पदमसींनी स्वतः तिथे दोन फिल्म केल्या, त्यातल्या 'इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर'ची प्रिंट नंतर हरवली ती हरवलीच. हे वाचलं तेव्हा मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ खिडकीत उभी राहिले होते.

मलानी तेव्हा २३ वर्षांच्या. तिथे त्यांनी 'ड्रीम हाउसेस' केली, ८ मिमीच्या फिल्मवर. घरांचं, इमारतींचं एक छोटं मॉडेल बनवायचं, त्याच्यावर रंगीत उजेड टाकायचा आणि एकेक फ्रेम शूट करत जायचं, स्टॉप मोशन. एकेका सेकंदासाठी सोळा-अठरा वेळा सगळं थांबवा, थोडं बदला, परत खटका दाबा. बघताना ते घर आहे का नुसता रंग आहे का कागदाची घडी आहे कळत नाही, सगळं चमकत राहतं, खूप उत्साही फिल्म आहे. त्यामागे आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांच्या स्वस्त घरांच्या कल्पना होत्या, अमेरिकन आर्किटेक्ट बकमिन्स्टर फुलर होता, नवीन देशात सगळ्यांना राहायला नीट जागा मिळेल ही तेव्हाची खात्री होती.

इथे माझा स्वतःचा संबंध येतो. मी नेरूळची. कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी साठच्या दशकात खाडीपलीकडे नवीन शहर वसवा म्हणून मांडलं होतं, १९७० ला सिडको आली, आणि पुढे कधीतरी माझ्या बाबांनी तिथे एक बेडरूमचं घर घेतलं. म्हणजे मी शब्दशः त्या मॉडेलमध्ये वाढले. त्यामुळे 'ड्रीम हाउसेस' बघताना बाकीच्यांना जी अमूर्त कला वगैरे दिसते ती मला दिसत नाही, मला वाटतं अरे हा आमचा सेक्टर.

पण फिल्म तिथे संपत नाही, आणि मला हेच सगळ्यात भारी वाटतं. सात वर्षांनी, १९७६ ला, त्यांनी आणखी एक फिल्म केली, काळीपांढरी, १६ मिमीवर. एक तरुण मुलगी उंचावरून मुंबईकडे बघतेय. बस. खाली झोपड्या, धूर, अर्धवट बांधकामं, आणि ती बघतेय. आणि मग ही नवी फिल्म त्या जुन्या रंगीत फिल्मच्या शेजारी लावायची, दोन प्रोजेक्टर, एकाच वेळी दोन्ही, पावणेचार मिनिटांच्या आसपास. नाव 'यूटोपिया', साल लिहितात १९६९-१९७६. मी या सालाकडे बराच वेळ बघत बसले. आपण जुनं काम बघतो तेव्हा एक तर लाज वाटते म्हणून लपवतो किंवा त्यातलं काही सुधारून परत काढतो. यांनी २३ व्या वर्षीच्या स्वप्नाला हातच लावला नाही, एक फ्रेम कापली नाही, फक्त शेजारी ३० व्या वर्षीचा चेहरा आणून ठेवला. ७६ म्हणजे आणीबाणीचा काळ होता हे सांगायला नकोच.

एक चोखंदळ तक्रार करू का. सगळीकडे त्यांना भारतातल्या व्हिडिओ आर्टच्या पायोनियर म्हणतात आणि लगेच १९६९ चं साल देतात, पण ६९ ला त्यांच्या हातात व्हिडिओ नव्हता हो, फिल्म होती, जी धुवायला द्यावी लागते, जी जळते, जिला बुरशी लागते. व्हिडिओ त्यांच्या कामात नव्वदच्या दशकात आला. मधल्या वीसेक वर्षांचं काय? तर मधली वीस वर्षं मुख्यतः चित्रं. कारण त्या फिल्म्स दाखवायच्या कुठे? गॅलरीत भिंतीवर टांगून विकता येतं ते चित्र, आणि थिएटरमध्ये तिकीट लावता येतं तो सिनेमा, हे दोन्हींपैकी काहीच नव्हतं. त्यातल्या एका फिल्मचं नाव 'ओनॅनिझम', अंथरुणावर तळमळणारी एक बाई, चारेक मिनिटांची, १९६९ ची. ६९ साली मुंबईत एका तरुण मुलीने हे नाव देऊन फिल्म केली आणि कुणाला दाखवायची म्हणून पत्ता शोधत फिरली, याचीच खरं तर कुणीतरी फिल्म करायला हवी. १९७३ ची 'टॅबू' आहे ती राजस्थानातल्या विणकरांवरची, जिथे बायकांनी मागाला हात लावायचा नाही असा नियम होता. या सगळ्या गोष्टी मग पडून राहिल्या. लोकांनी त्या नीट बघितल्या त्या डिजिटल करून घेतल्यावर, तोवर मलानी जगभर वेगळ्याच कामासाठी माहीत झाल्या होत्या.

१९७० ते ७२ फ्रेंच सरकारच्या स्कॉलरशिपवर पॅरिस. १९६८ च्या आंदोलनाची धग अजून विझलेली नव्हती, चॉम्स्की आणि लेव्ही-स्ट्रॉसची लेक्चरं ऐकायची, सिनेमे बघायचे. तिथे राहता आलं असतं. त्या परत आल्या.

आणि आल्या त्या लोहार चाळीत! हे मला माहीतच नव्हतं आणि कळलं तेव्हा मी अक्षरशः ओरडले. क्रॉफर्ड मार्केटजवळची लोहार चाळ, जिथून आम्ही शूटचे बल्ब, होल्डर, वायरी, एक्स्टेंशन बोर्ड आणतो, जिथे हातगाडी अंगावर येईपर्यंत आवाज येत नाही, तिथे त्यांचा स्टुडिओ होता वर्षानुवर्षं. खाली हमाल, हातगाडीवाले, रस्त्यावर झोपणारी कुटुंबं, आणि वर बसून ही बाई त्यांची चित्रं काढतेय. मी गेली पंधरा वर्षं तिथे जातेय आणि मला तिथे भाव सोडून काही दिसलेलं नाही.

मधे १९७९ ला न्यूयॉर्कमध्ये त्यांनी बायकांनी बायकांसाठी चालवलेली ए.आय.आर. गॅलरी बघितली, तिथे अ‍ॅना मेंडिएटा, नॅन्सी स्पेरो या आर्टिस्ट भेटल्या, आणि आपल्याकडे असं काही करायचं हे डोक्यात घेऊन आल्या. जमायला आठ वर्षं गेली. १९८७ ते ८९ मध्ये अर्पिता सिंग, नीलिमा शेख, माधवी पारेख आणि त्या, अशा चौघींचं जलरंगांचं प्रदर्शन पाच ठिकाणी फिरलं.

आता ज्या कामावर मी अडकून बसलेय त्यावर येते. १९९२, 'सिटी ऑफ डिझायर्स', गॅलरी केमोल्ड, जी तेव्हा काळाघोड्याला जहांगीरच्या वरच्या मजल्यावर होती. मलानींनी तिथे विकायला काही लावलंच नाही. थेट भिंतींवर चित्रं काढली. पंधरा दिवस लोक आले, बघून गेले, आणि मग भिंतींना चुना लावून सगळं पुसून टाकलं. राजस्थानातल्या नाथद्वाऱ्याची जुनी भित्तिचित्रं तेव्हा दुर्लक्षामुळे आणि रंगसफेदीखाली नष्ट होत होती, त्याच्याबद्दल बोलायला त्यांनी हे केलं. म्हणजे नष्ट होण्याबद्दल भाषण न देता, घ्या, तुमच्या डोळ्यासमोर नष्ट करते. कॅमेऱ्यात जेवढं आलं तेवढं उरलं.

आणि वर्ष बघा. त्याच डिसेंबरात बाबरी पडली आणि मुंबईत दंगली झाल्या.

गॅलरीवाल्यांचं मला कौतुक वाटतं, भाडं, लाइटबिल, आणि विकायला शून्य. माझा एक मित्र, स्वतः चित्रकार, या प्रदर्शनाबद्दल मी सांगितलं तर म्हणाला हा स्टंट झाला. मी पण विचार केला, आहे का स्टंट? स्टंट असता तर एकदा झाला असता. पण यांनी ते सोडलंच नाही. नंतर परदेशातल्या मोठमोठ्या म्युझियममध्ये भिंतीवर चित्रं काढायची आणि प्रदर्शन संपताना लोकांसमोर पुसायची, हा त्यांच्या कामाचा भागच झाला. ज्या म्युझियमचं काम जपून ठेवणं हेच आहे तिथल्या लोकांना उभं राहून ते बघावं लागतं. मला तिथल्या एखाद्या कॉन्झर्व्हेटरचा चेहरा बघायचाय.

९३ ला मॅक्स म्युलर भवनात अभिनेत्री अलकनंदा समर्थांबरोबर जर्मन नाटककार हायनर म्युलरचं 'मेडिया', म्हणजे नाटक का इन्स्टॉलेशन असा प्रकार. चित्रांच्या चौकटीतून बाहेर पडायचं ते तिथपासून ठरलेलं दिसतं. कारण साधं होतं, गॅलरीत ठरावीक लोक येतात.

मे १९९८ ला पोखरणला अणुचाचण्या झाल्या, महिना संपायच्या आत पाकिस्तानने पण केल्या. मी तेव्हा शाळेत होते आणि आमच्या वर्गात पेढे वाटले होते, मी दोन खाल्ले. कराचीत जन्मून मुंबईत वाढलेल्या माणसाला तो महिना कसा गेला असेल हा विचार माझ्या डोक्यात यायला पुढची सोळा वर्षं लागली. मलानींनी त्यावर 'रिमेंबरिंग टोबा टेक सिंग' केलं. मंटोची ती गोष्ट बऱ्याच जणांनी वाचली असेल, फाळणीनंतर वेड्यांच्या इस्पितळातल्या वेड्यांचीही वाटणी होते, आणि बिशन सिंग दोन्ही देशांच्या मधल्या पट्ट्यात जाऊन पडतो.

खोलीत जमिनीवर पत्र्याच्या ट्रंका, बारा, झाकणं उघडी, आत गोधड्या आणि गोधड्यांत टीव्हीचे मॉनिटर. एका भिंतीवर हिरोशिमा-नागासाकीच्या बॉम्बची फुटेज. आणि समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोन बायका, एक इकडची एक तिकडची, दोघी मिळून एक साडी घडी घालायचा प्रयत्न करतायत.

साडीची घडी दोघींनी कशी घालतात हे ज्यांनी केलंय त्यांना लगेच कळेल. आई एका टोकाला, मी दुसऱ्या, टोकं जुळवायची, ताणायची, मग चालत एकमेकींकडे यायचं, तिच्या हातात आपली टोकं द्यायची, खालची घडी उचलायची, परत मागे. दर वेळी अंतर निम्मं होतं. शेवटी दोघी इतक्या जवळ येता की बोटं बोटांना लागतात. आता या बायकांच्या मधे अख्खी खोली आहे, ट्रंका आहेत, आणि आपण उभे आहोत. त्या जवळ येऊच शकत नाहीत. मी या कामाचं फक्त रेकॉर्डिंग बघितलंय आणि तरी मला पुढे ढकलता येईना.

हे काम मुंबईत लागलं १९९९ ला, आणि गॅलरीत नाही तर प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, जिथे सुट्टीत पोरांना फिरवायला आणतात. म्हणजे 'कन्सेप्चुअल आर्ट' हा शब्द जन्मात न ऐकलेली माणसं, शाळेच्या सहली, ट्रंक बघून आपल्या आजीची ट्रंक आठवणारी माणसं, त्यांच्यासमोर हे आलं. आमच्या धंद्यात 'कन्सेप्ट' म्हणजे नवरीला ड्रोनने एंट्री घ्यायची असते. इथे कन्सेप्ट म्हणजे दोन बायका, एक साडी आणि न सरकणारी भिंत.

पुढचं मी भराभर सांगते कारण ते कुठेही वाचायला मिळेल. २००० च्या आसपास जपानमध्ये फुकुओकाला राहून 'हॅम्लेटमशीन', मिठाच्या थरावर प्रोजेक्शन. २००३ ला 'युनिटी इन डायव्हर्सिटी', राजा रविवर्म्याच्या त्या अकरा वादक-गायिकांच्या चित्रावरून, दिवाणखाना मांडलाय, गाणं चालू आहे आणि मधेच गोळीचा आवाज, २००२ च्या गुजरात दंगलींनंतरचं काम ते. २००५ ला व्हेनिस बिएनालेत 'मदर इंडिया', पाच पडद्यांचं. २०१२ ला जर्मनीतल्या कासेलच्या डॉक्युमेंटा या मोठ्या कला-प्रदर्शनात 'इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड', सहा प्रोजेक्शन, पाच फिरती नळकांडी, अकरा मिनिटं, नाव फैजच्या 'लहू का सुराग' या कवितेवरून. २०१७ ला पॅरिसच्या पॉम्पिदू सेंटरमध्ये रेट्रोस्पेक्टिव्ह, पुढच्या वर्षी त्याचाच दुसरा भाग इटलीत. बक्षिसं पण ओळीने, फुकुओका २०१३, मिरो २०१९, क्योटो २०२३.

सगळंच मला आवडतं असं नाही. कधी कधी एका कामात कॅसांड्रा, मेडिया, सीता, अ‍ॅलिस, फैज, म्युलर, महाश्वेतादेवी, सगळे एकदम येतात आणि भिंतीवरचा माहितीचा बोर्ड वाचल्याशिवाय धागा लागत नाही, आणि बोर्ड वाचायला अंधारात मोबाइलचा टॉर्च लावावा लागतो. सहा पडदे आहेत म्हणून सहाही भरायलाच हवेत का, असं माझ्यातली एडिटर विचारते. 'यूटोपिया'त एक मुलगी आणि एक नजर एवढंच आहे आणि मला ते अख्ख्या अकरा मिनिटांपेक्षा जास्त लागतं. पण हे मी म्हणतेय, जिला एका नाकाच्या पुढे जाता आलं नाही.

आणि मग सत्तरी उलटल्यावर या बाईंनी आयपॅड घेतला. पेन्सिल पण नाही, बोटाने काढायला सुरुवात. काढायचं, पुसायचं, त्यावर परत काढायचं, मधेच वाचलेल्या एखाद्या पुस्तकातली ओळ खरडायची, आणि त्या सगळ्याचं छोटं छोटं अ‍ॅनिमेशन करायचं. म्हणजे बघा, ६९ चं स्टॉप मोशन आणि ९२ ची पुसलेली भिंत, दोन्ही एका काचेवर. त्यातली बरीच त्यांनी सरळ इन्स्टाग्रामवर टाकली. मग अशा ८८ अ‍ॅनिमेशनचं 'कॅन यू हिअर मी?' झालं, नऊ प्रोजेक्टर, लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीत २०२० ला लागलं. भिंतभर वेड्यावाकड्या रेघा धावतायत, एकमेकांवर चढतायत, एक वाचेपर्यंत दुसरी येते. त्याच्या मुळाशी २०१८ मध्ये कठुआला मारून टाकलेली आठ वर्षांची मुलगी आहे. हे कळल्यावर शीर्षक परत वाचलं की पोटात गोळा येतो.

त्या रेघा मी एडिटर म्हणून थांबवून थांबवून बघितल्या. अजिबात स्मूद नाहीत. झटके बसतात, मागच्या फ्रेमचा पुसलेला डाग पुढच्या फ्रेममध्ये राहिलेला असतो. मला कुणी असं करून दिलं तर मी परत रेंडर करायला लावेन. इथे तो डागच बघायचा असतो. नंतर लंडनच्या नॅशनल गॅलरीने त्यांना बोलावलं, २०२३ ला तिथे 'माय रिअ‍ॅलिटी इज डिफरंट' लागलं, तिथल्या जुन्या युरोपियन मास्टर्सच्या चित्रांवर यांनी बोटाने गिरगटवलं, म्हणजे डिजिटल कॉपीवर हो, घाबरू नका, आणि ते चाळीस मीटरच्या भिंतीवर पळवलं. शाळेत इतिहासाच्या पुस्तकात आम्ही राजांना चष्मे काढायचो आणि छड्या खायचो त्याची आठवण आली.

एका गोष्टीचा मला अजून उलगडा होत नाही. ज्या बाई स्वतःच्या भिंती स्वतः पुसायला लावतात त्याच बाई ६९ च्या ८ मिमीच्या रिळाला पन्नास वर्षं जपून ठेवतात, डिजिटल करून घेतात, नव्या-जुन्याची जोडी लावून जगभर फिरवतात. मग कुठलं पुसायचं आणि कुठलं ठेवायचं हे कसं ठरवतात? मला वाटतं त्यांनी जे पुसलं ते पुसणार हे काढतानाच माहीत होतं, पंधरा दिवसांची मुदत भिंतीला पहिल्या दिवशीच सांगितलेली होती. माझ्या डिस्कला कुणी काही सांगितलं नव्हतं.

आईला यातलं थोडं सांगितलं. साडीचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, त्यात काय, तुझी आजी एकटीच घालायची घडी, एक टोक दाराच्या कडीत अडकवून. हे मला माहीतच नव्हतं. आजीच्या त्या दीड तासात तिने हे सांगितलं असेल का आठवायचा प्रयत्न केला, आठवलं नाही, तेव्हा मी कॅमेऱ्याचा फोकस बघत होते.

आज दुपारी रिकव्हरीवाल्याचा फोन आला. फोल्डरची नावं सगळी परत आलीत म्हणाला, तारखांसकट, पण बऱ्याच फोल्डरच्या आत काही नाही. दिवाळीच्या फोल्डरमधून आवाजाची एक फाइल निघालीये, चाळीस मिनिटांची, चित्र नाही. मी म्हटलं तेवढी आधी पाठवा. अपलोड व्हायला लावलीये, बासष्ट टक्के झालंय.